डबी उघडण्याआधी

थंडीतल्या पहाटे आमच्या पेणच्या घरात खोबरेलाची बाटली चुलीच्या कडेला नेऊन ठेवणं हे माझं काम असे. रात्रीच्या गारव्यानं तेल थिजून पांढरं झालेलं असे. धग लागली की ते आधी कडेनं सुटायचं, मग मधला गोळा तरंगायला लागायचा आणि थोड्या वेळानं सगळं पुन्हा नितळ व्हायचं. त्याच सुमारास आजी आरशासमोर बसून छोट्या डबीतलं मेण बोटावर घेई, कपाळाला लावी आणि त्यावर पिंजर टेकवी. मग दिवसभर घामाच्या धारा लागल्या तरी ते कुंकू जागचं हलत नसे. पुढे कित्येक वर्षांनी पोमेडची पहिली डबी हातात आली आणि मी तिच्या तळाला छापलेली घटकांची यादी वाचली, तेव्हा या दोन्ही ओळखीच्या गोष्टी मला तिथे भेटल्या. उष्णतेनं सुटणारी एक स्निग्ध वस्तू आणि तिला धरून ठेवणारं मेण. लांबच्या देशातून आली म्हणून जिच्याकडे कुतूहलानं पाहत होतो, तिचं निम्मं शास्त्र आमच्या माजघरात रोज चालत होतं.

हे पुस्तक त्या ओळखीतून लिहिलं गेलं. जुन्या धाटणीचे पुरुषी केस आणि ते बसवण्यासाठी लागणारं पोमेड हा त्याचा विषय. ते लिहिताना डोळ्यांसमोर होता तो पेण ते रोहा हा पट्टा. रेल्वेनं गेलं तर मध्ये कासू, नागोठणे, निडी ही स्थानकं लागतात आणि रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते. एवढ्या टापूतल्या माणसानं, इथल्या हवेत आणि इथल्या घामात कोणती डबी घ्यावी, याचं उत्तर शोधताना बाकीचं पुस्तक आपोआप वाढत गेलं.

गेल्या काही वर्षांत इथल्या सलूनांमध्ये एक मागणी पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. साखरपुडा जवळ आला की, गणपतीच्या आधी, किंवा रोह्यात धावीर महाराजांच्या दसऱ्याच्या पालखीच्या तोंडावर एखादा मुलगा खुर्चीत बसतो, मोबाइलवरचा फोटो पुढे करतो आणि म्हणतो, "दादा, असं पाहिजे." फोटो कधी इंग्रजी मालिकेतला असतो, कधी देव आनंदचा, तर कधी त्याच्याच आजोबांचा, फोटो स्टुडिओत कोट घालून काढलेला. बाजू बारीक, वर भरपूर केस, कडेला रेघेसारखा भांग, नाहीतर कपाळावर उंच उचललेला कोंबडा. कारागिराचा हात तयार असेल तर कट हुबेहूब जमतो. आरशात पाहून मुलगा खूश होतो. पण तासाभरात भांग फाटतो, कोंबडा कपाळावर येतो, आणि दोष जातो तो कापणाऱ्याच्या माथी. कट चुकलेला नसतो. त्यावर लावलेली वस्तू चुकलेली असते.

माझ्या बाबतीत हे घडलं ते एका चुलतभावाच्या हळदीला. पावसाळा दाराशी आलेला, हवा दाटलेली. मी ऑनलाइन मागवलेली एक डबी अभिमानानं उघडली. झाकणावर पकड पोलादी असल्याचं लिहिलं होतं. घरातून निघताना केस खरोखर तसेच ताठ होते. मांडवात पोहोचेपर्यंत ते चिकट झाले, बोट लावलं की तार सुटावी तसे, आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत दोन्ही बाजूंना लोंबायला लागले. समोर पानात पापड होता. वाढून फार वेळ झाला नव्हता, तरी तो मऊ पडला होता. शेजारची काकू म्हणाली, "सादळला हो." त्या एका शब्दानं मला माझ्या केसांचं कोडं उलगडून दिलं. पापडाच्या गावात वाढलो, आणि सादळणं म्हणजे काय हे केसांच्या बाबतीत कधी विचारातच घेतलं नव्हतं.

म्हणून या पुस्तकाचा क्रम जाहिरातींच्या उलट आहे. आधी हवा, मग केस, मग धाटणी, आणि सर्वांत शेवटी डबी.

पण त्याआधी डबीतल्या वस्तूची थोडी ओळख. पोमेड या शब्दाच्या मुळाशी सफरचंद आहे. लॅटिनमध्ये 'पोमुम' म्हणजे फळ. त्यावरून फ्रेंच भाषेत 'पोमाद' आला, कारण जुन्या लेपांमध्ये सफरचंदाचा गर किंवा वास असे. युरोपात शतकानुशतकं हे लेप प्राण्यांच्या चरबीचे होते. एकोणिसाव्या शतकात अस्वलाच्या चरबीलाही मोठी मागणी होती. आज रॉटरडॅमच्या एका प्रसिद्ध केशकर्तनालयाच्या पोमेडचं नाव 'रुझल' आहे, आणि डच भाषेत त्या शब्दाचा अर्थच डुकराची चरबी असा होतो. नाव उरलं आहे, चरबी गेली आहे.

त्याच एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'मकॅसर ऑइल' गाजलं. सुलावेसी बेटावरच्या मकॅसर बंदराचं नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या या तेलात खोबरेल किंवा पामतेल आणि वर फुलांचा सुगंध असे. म्हणजे लंडनचे सद्गृहस्थ डोक्याला जे लावून मिरवत होते, त्याची जात आपल्या परसातल्या माडाची होती. त्या तेलानं खुर्च्यांच्या पाठी खराब होऊ लागल्या, म्हणून पाठीवर टाकायचं एक लहान कापड निघालं आणि त्याचं नावच 'अँटिमकॅसर' पडलं. आपल्याकडच्या जुन्या घरांत आजोबा ज्या भिंतीला टेकून बसत तिथे डोक्याच्या उंचीवर तेलाचा एक गोल डाग असे. दोन्हीकडची अडचण एकच होती, फक्त तिकडे खुर्ची होती आणि इकडे भिंत.

पोमेडचं आजचं रूप घडलं ते खनिज तेलातून. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये व्हॅसलिनचं अमेरिकन पेटंट घेतलं आणि न कुबटणारी, वासरहित, स्वस्त अशी पेट्रोलियम जेली हाताशी आली. चरबी आणि वनस्पती तेल हवा लागून खवट होतं; जेली वर्षानुवर्षं तशीच राहते. तिच्यात मेण मिसळलं की पकड येते. शिकागोतल्या मरे नावाच्या एका न्हाव्यानं १९२५ मध्ये बाजारात आणलेलं पोमेड आजही विकलं जातं, आणि त्याची पकड इतकी घट्ट की कोमट केल्याशिवाय ते बोटाला लागत नाही. १९२८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये ब्रिलक्रीम निघालं. तो मार्ग वेगळा होता: खनिज तेल आणि पाणी यांची मेणानं बांधलेली मलई. ती हलकी, सहज पसरणारी, मर्यादित पकडीची. क्रिकेटपटू डेनिस कॉम्पटन तिच्या जाहिरातीत झळकला. पुढे मुंबईचा फारुख इंजिनिअर झळकला, आणि ती पांढरी मलई आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतल्या आरशापुढेही आली.

साठच्या दशकाच्या शेवटी जगभर केस वाढले, कानांवर आले, कोरडे आणि मोकळे राहू लागले. तेलकट डोकं जुनाट ठरलं. पोमेड नाहीसं झालं नाही, पण अडगळीत गेलं. ते परत आलं ते नव्या शतकाच्या तोंडावर. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका न्हाव्यानं पाण्यानं धुतलं जाणारं पोमेड विकायला सुरुवात केली आणि त्यातून एक वेगळंच घराणं जन्माला आलं. नंतर 'मॅड मेन' आणि 'पीकी ब्लाइंडर्स' या मालिकांनी जुन्या कटांची हौस जगभर पसरवली. पेणमधल्या मुलाच्या मोबाइलवरचा फोटो त्या लाटेचा आहे.

या इतिहासातून आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की बाजारात आज दिसणाऱ्या शेकडो डब्या मुळात तीन घराण्यांच्या आहेत. तेलाचं पोमेड, मलईचं पोमेड आणि पाण्याचं पोमेड. नावं, वास, चित्रं कितीही बदलोत, घराणं ओळखता आलं की निम्मी निवड झाली.

तेलाच्या पोमेडमध्ये पेट्रोलियम जेली, खनिज तेल, लॅनोलिन, एरंडेल, खोबरेल यांपैकी काही असतं आणि जोडीला मधमाशीचं मेण किंवा कार्नोबा हे झाडाचं मेण. ते केसांवर वाळत नाही. संध्याकाळी कंगवा फिरवला तरी भांग पुन्हा पडतो, म्हणून दिवसभर खिशात कंगवा ठेवणाऱ्या जुन्या पिढीला ते आवडे. पाणी त्याला लागत नाही, आणि तोच त्याचा दोष: साध्या आंघोळीनं ते निघतही नाही.

पाण्याच्या पोमेडचा पाया पाणी आणि इमल्सिफायर. पकड मिळते ती बहुतेकदा पीव्हीपी किंवा त्याच्या भाईबंद पॉलिमरांमुळे. त्यांचा पातळ थर केसांवर वाळतो आणि केस एकमेकांना धरून ठेवतो. धुवायला सोपं, उशीचा अभ्रा स्वच्छ, चमक हवी तशी. कोरड्या हवेत याच्यासारखं सोयीचं काही नाही. पण पीव्हीपी हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा शोषला की वाळलेला थर मऊ होतो, मग चिकट होतो. माझं त्या मांडवात झालं ते हेच. पापडाचं सादळणं आणि या पोमेडचं ढिलं पडणं, दोन्हीकडे करामत हवेतल्या पाण्याची. व्हीपी-व्हीए हा सुधारित पॉलिमर ओलावा कमी ओढतो. म्हणून पाण्याचंच पोमेड हवं असेल तर यादीत ही अक्षरं शोधावीत. डबी निवडताना झाकणापेक्षा तळ वाचावा, असं मी वारंवार सांगतो ते यासाठी.

आता आपली हवा. पेण-रोहा पट्ट्यात वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी असतं की पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती वाळवणं ही कारागिराच्या संयमाची परीक्षा ठरते. म्हणून तिथली कामं पावसाच्या कितीतरी आधी सुरू होतात, आणि पेणचे पापडही उन्हाळ्याच्या उन्हात वाळतात. या गावात दोन मोठे व्यवसाय हवेकडे पाहून आपलं पंचांग ठरवतात. केसांनीही तेच करावं, एवढंच माझं म्हणणं.

केस स्वतःच ओलाव्याला कसे वश होतात हेही समजून घ्यायला हवं. केस म्हणजे केराटिन हे प्रथिन. त्याच्या साखळ्यांमध्ये अनेक प्रकारचे बंध असतात; त्यांतले हायड्रोजन बंध पाण्यानं सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून ओले केस ज्या आकारात वाळतात तो आकार धरतात. हवेतला ओलावा वाढला की ते बंध पुन्हा ढिले पडतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो. कुरळा पुन्हा कुरळा होतो, सरळ पुन्हा खाली पडतो. तेलामेणाचा थर या ओलाव्याला पूर्ण अडवू शकत नाही, पण त्याची वाट नक्की लांबवतो. त्यामुळे आपल्या पावसाळ्यात माझी पहिली शिफारस तेलाच्या पोमेडची आहे, आणि त्याच्या जोडीला एका सवयीची: लावण्याआधी केस पूर्ण वाळवणं. टॉवेलनं पुसून, पंख्याखाली किंवा ड्रायरनं, हव्या त्या दिशेला कंगवा फिरवत. आकार वाळण्यानं येतो, पोमेड तो फक्त राखतं.

उन्हाळ्याचा प्रश्न निराळा. इथे ओलाव्याइतकीच उष्णता छळते. रोह्याला येणाऱ्या कुंडलिका नदीच्याच खोऱ्यात वर भिरा हे गाव आहे. तिथे २०१७ च्या मार्चअखेरीस पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली. अशा दिवसांत डबीतल्या घटकांचे वितळण्याचे अंश कामाला येतात. खोबरेल सुमारे २४-२५ अंशांना सुटतं. पेट्रोलियम जेली तिच्या प्रतीनुसार साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना आणि कार्नोबा ८० अंशांच्याही पुढे. ज्या डबीत जेली आणि तेल पुष्कळ पण मेण नावाला, ती मे महिन्याच्या दुपारी मोटारसायकलवरून वडखळच्या दिशेनं निघालात तर कपाळावर उतरेल. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं दिलेली असते. मेण त्यात वरच्या तीन-चार नावांत असेल तर ती डबी उन्हाळ्याला टिकेल. डिसेंबर-जानेवारीत मात्र तीच डबी इतकी घट्ट होते की नखानं खरवडावी लागते. तेव्हा हलकं पोमेड किंवा मलई बरी. आजीनं दोन्ही ऋतूंत एकच मेण वापरलं, कारण कपाळावर चिमूटभर पुरत असे. डोकंभर केसांना ऋतूप्रमाणे बदल लागतो.

हवेनंतर केस. आपल्याकडे पुष्कळांचे केस जाड, काळे आणि सरळ. असे केस जड पोमेडचं वजन पेलतात, पण वळायला हट्टी असतात, म्हणून त्यांना मेणाची पकड हवी. बारीक आणि विरळ केसांवर तेच पोमेड घातलं तर केसांच्या जुड्या बनतात आणि मधून टाळू दिसायला लागतो. चमक जितकी जास्त, तितकी विरळता उघडी पडते. अशांनी कमी चमकीचं, हलकं पाण्याचं पोमेड किंवा थोडीशी मलई घ्यावी, आणि पावसात केस थोडे मोकळे राहतील हे मान्य करावं. कुरळ्या केसांच्या माणसानं वळणाशी भांडू नये. थोड्या ओलसर केसांना मलई चोळून बाजू चापून बसवली आणि वरचं वळण तसंच ठेवलं तर जुन्या धाटणीचा डौल येतो. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांसाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, कारण पिकलेल्या केसांचा पोत बदलतो आणि खनिज तेलाच्या जड पोमेडनं पांढऱ्या केसांवर पिवळसर झाक दिसू शकते.

मग धाटणी. कडेचा भांग ही सर्वांत जुनी आणि सर्वांत क्षमाशील. त्याला मध्यम पकड आणि मध्यम चमक पुरते. कंगव्याचा बारीक दात आणि डोळ्याच्या सरळ रेषेत पडलेली रेघ महत्त्वाची. सगळे केस मागे फिरवायचे असतील तर चमक हवी आणि वजनही हवं, कारण वजनच केसांना खाली दाबून ठेवतं. इथे तेलाचं पोमेड राजा. कोंबड्याचं गणित याच्या अगदी उलट. त्याला उंची हवी, म्हणून पकड भरपूर पण वजन कमी, म्हणजे मेण जास्त आणि तेल कमी. आणि लावायचं मुळाशी. टोकांना जास्त लागलं की उंची ढासळते. इंग्रजीत ज्या उंच कोंबड्याला पंधराव्या लुईच्या दरबारातल्या मादाम द पोंपादूर यांचं नाव मिळालं, तो आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या वाटेनं आला, आणि मराठीनं त्याला अंगणातलं नाव दिलं. ते नाव तुऱ्याचा ताठपणा नेमका सांगतं. म्हणून या पुस्तकात मी सर्वत्र कोंबडाच म्हटलं आहे.

लावण्याच्या कृतीवर पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. इथे एकच गोष्ट. वाटाण्याएवढं पोमेड घ्यावं, दोन्ही तळहातांवर चोळून पूर्ण विरघळू द्यावं आणि डोक्याच्या मागच्या बाजूनं सुरुवात करावी. बहुतेकांचा हात आधी कपाळावरच्या केसांकडे जातो, तिथे गोळा बसतो आणि पुढे कितीही कंगवा फिरवला तरी तो मोडत नाही. कमी वाटलं तर पुन्हा घेता येतं. जास्त झालं तर डोकं धुण्यावाचून इलाज नाही.

धुण्याचा प्रश्न मी हलका मानत नाही, कारण बरेच जण तेलाचं पोमेड सोडून देतात ते याच कारणानं. दोनदा-तीनदा शाम्पू घासून केस खराटा होतात आणि मेण तसंच राहतं. उपाय आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. स्निग्ध पदार्थ स्निग्ध पदार्थात विरघळतो. रात्री केसांना भरपूर खोबरेल चोळावं, थोडा वेळ थांबावं, मोठ्या दातांच्या कंगव्यानं सैल झालेलं मेण ओढून काढावं आणि मग कोमट पाण्यानं शिकेकाई किंवा सौम्य शाम्पू लावावा. खोबरेलाचा आणखी एक गुण आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. धुतल्यानं केसांतलं जे प्रथिन जातं ते कमी करण्याचं काम त्या तिघांत खोबरेलानंच केलं, कारण ते केसाच्या आत शिरू शकतं. खनिज तेल वरच राहतं. म्हणजे पोमेड हा खोबरेलाला पर्याय नाही. एकानं केसाचं पोषण राखावं, दुसऱ्यानं आकार. ज्या घरात मुलगा पोमेड लावतो म्हणून आई नाराज असते, तिथे ही गोष्ट आवर्जून सांगावी.

त्वचेबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. पोमेड कपाळावर आणि कानशिलांवर उतरलं की तिथली छिद्रं बुजून पुटकुळ्या येतात. त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० मध्येच या प्रकाराची 'पोमेड अ‍ॅक्ने' या नावानं नोंद केली. तारुण्यातल्या मुलांना आधीच मुरुमांचा त्रास असतो. त्यांनी केसांच्या रेषेपासून बोटभर जागा सोडून पोमेड लावावं, झोपण्याआधी कपाळ धुवावं आणि रोज वापरू नये. कोंडा असेल तर आधी त्याचा इलाज करावा, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी स्निग्धतेवरच जगते. दाट सुगंधाच्या डब्यांपासून संवेदनशील त्वचेच्या माणसानं दूर राहावं. कानामागे किंचित लावून एक दिवस पाहणं हा साधा उपाय पुरेसा आहे.

हे सगळं सांगताना मला या पुस्तकाचा दुसरा वाचक विसरायचा नाही. तो म्हणजे खुर्चीमागे उभा असलेला कारागीर. त्याची धोकटी आपल्या समाजानं फार काळ गृहीत धरली. वस्तरा, चिमटा, आरसा, नराणी एवढ्या मोजक्या हत्यारांवर पिढ्यांनी संसार केला. संत सेना महाराजांनी त्याच हत्यारांना अभंगात नेलं आणि धंद्याच्या आरशाला आत्मपरीक्षणाचा अर्थ दिला. रोजच्या कामातून शहाणपण काढणारी ती परंपरा आजही जिवंत आहे. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवून केसांची जात, भोवऱ्याची दिशा आणि टाळूचा कोरडेपणा ओळखणारे हात मी पेणमध्येही पाहिले आणि रोह्यातही. भोवरा उजवीकडे फिरत असेल तर भांग कुठे पडू द्यायचा हे कुठल्याच डबीवर छापलेलं नसतं. माझी या कारागिरांना विनंती आहे की त्यांनी दुकानात तिन्ही घराण्यांची एकेक डबी ठेवावी, कटानंतर गिऱ्हाइकाला स्वतःच्या हातानं लावून दाखवावी आणि ऋतूप्रमाणे सल्ला द्यावा. जो सल्ला देतो त्याचा कट तासाभरात मोडत नाही, आणि त्याच्या माथी फुकटचा दोष येत नाही.

नव्यानं डबी घेणाऱ्या वाचकानं एक परीक्षा जरूर करावी. लहान आकाराची डबी घ्यावी आणि तीन दिवस तिला द्यावेत. एक दिवस भर दुपारच्या उन्हात. एक दिवस पावसात, किंवा सकाळच्या दिवा स्थानकाकडे जाणाऱ्या गाडीत दाराजवळच्या वाऱ्यात, जिथे आपल्या भागातल्या कितीतरी नोकरदारांचा भांग रोज मोडतो. आणि एक दिवस फक्त धुण्यासाठी: किती वेळ लागला, केस किती कोरडे झाले, कपाळावर काय उरलं. या तिन्ही दिवशी जी डबी खरी उतरली ती तुमची. मग तिचं नाव प्रसिद्ध असो वा नसो, तिचं झाकण साधं असो वा नक्षीचं.

जुन्या धाटणीची ओढ हा केवळ नटण्याचा भाग आहे असं मला वाटत नाही. ज्या पिढीनं एका फोटोसाठी स्टुडिओच्या आरशाखाली टांगलेला कंगवा घेऊन पाच मिनिटं भांग नीट केला, तिच्याकडे वस्तू थोड्या होत्या, पण स्वतःला नीटनेटकं सादर करण्याचा आग्रह मोठा होता. आजोबांचा फोटो पुढे करून "असं पाहिजे" म्हणणारा मुलगा त्या आग्रहाकडे हात पुढे करतो. त्याला योग्य डबी मिळावी, म्हणजे त्याचा हात रिकामा परतणार नाही.

शेवटी पुन्हा आमच्या घरातली ती चूल आठवते. आता ती राहिली नाही. पण थंडीतल्या सकाळी घट्ट झालेलं पोमेड मी बोटानं उचलतो आणि दोन तळहातांमध्ये चोळतो, तेव्हा ते आधी कडेनं सुटतं, मग मधला कण फिरत राहतो आणि थोड्या वेळानं सगळं नितळ होतं. मगच ते केसांना लावावं, त्याआधी नाही. एवढं थांबायला मी त्या बाटलीजवळ बसून शिकलो.

पेण, नारळी पौर्णिमा